शिलालेख हरवलेले बेट : घारापुरी कशी वाचावी

घारापुरीचे मुख्य लेणे कोणी खोदले, कधी खोदले, कोणासाठी खोदले हे सांगणारा एकही शिलालेख आज तिथे नाही. एके काळी होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे, की लेण्याच्या दारावर अक्षरे कोरलेला एक दगड होता, तो काढून पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजाकडे पाठवण्यात आला. राजाने तो वाचून घेण्याची खटपट केली, पण वाचणारा मिळाला नाही. पुढे त्या दगडाचा मागमूस राहिला नाही.

हे नुकसान केवढे आहे ते पश्चिम भारतातली इतर लेणी पाहिलेल्याला लगेच कळेल. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा पराक्रम सांगते, उषवदात आपण दिलेल्या दानाचा हिशेब मांडतो. कान्हेरीत शंभरावर लेख आहेत आणि त्यांत व्यापारी, भिक्षुणी, सोनार असे सगळे आपापल्या नावाने बोलतात. घारापुरी मात्र गप्प आहे. भारतीय शिल्पकलेतल्या पहिल्या रांगेत जिची गणना होते, १९८७ साली युनेस्कोने जिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्या कृतीला कर्त्याचे नाव नाही.

म्हणून या बेटावर जाणाऱ्याने दोन प्रश्न बरोबर न्यावेत. लेख नसताना इतिहास कशावरून ठरवतात? आणि दगडात कोरलेल्या अक्षरांऐवजी लेण्याची रचनाच वाचता येते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट मिळते. दुसऱ्याचे, माझ्या मते, बरेचसे पूर्ण मिळते, पण त्यासाठी आपली चालण्याची सवय बदलावी लागते.

बेट, बंदर आणि नाव

गेटवेच्या धक्क्यापासून घारापुरी सुमारे ११ किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. पर्यटक मुंबईहून येतात म्हणून बेट मुंबईचे वाटते. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. दोन टेकड्या, मधून दरी, आणि काठाला शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावे. तिन्ही नावांच्या शेवटी 'बंदर' आहे, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. या बेटाचा सगळा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो.

बहुतेक पर्यटक पश्चिमेच्या टेकडीवरचे पहिले, म्हणजे मुख्य, लेणे पाहून परत फिरतात. पण बेटावरचे सर्वांत जुने बांधकाम पूर्वेच्या टेकडीवर आहे. तो विटांचा बौद्ध स्तूप आहे. शैव लेणे खोदले जाण्याच्या कितीतरी शतके आधी इथे बौद्धांची वस्ती किंवा निदान वहिवाट होती, याचा हा उघड्यावर उभा असलेला पुरावा. त्याच्या जोडीला किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. हे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे कुंभ. भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल त्यांतून येत असे. क्षत्रपांची नाणीही बेटावर सापडली आहेत.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला खाडीत शिरले की कल्याण, किनाऱ्याने वर गेले की सोपारा, खाली आले की चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात या तिन्ही बंदरांची नावे आहेत. घारापुरी या वाटेवर, मोठ्या वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या पाण्यात, गोड्या पाण्याच्या टाक्यांसह उभी आहे. समुद्रात एकांत शोधत गेलेल्या योग्यांनी हे लेणे खोदले, अशी एक भाविक कल्पना लोकांच्या मनात असते. ती सोडून दिलेली बरी. लेणे वर्दळीच्या जागी खोदले गेले. गलबतांना ते बेट दिसत होते, खलाशी पाणी भरायला थांबत होते, आणि एवढा कातळ फोडण्याचा खर्च त्या वर्दळीतूनच उभा राहिला असणार.

नावाबद्दल दोन मते ऐकू येतात. 'घारी' म्हणजे शिवाचे पुजारी, गुरव, त्यांची पुरी ती घारापुरी, असे एक. 'अग्रहारपुरी'चा अपभ्रंश, असे दुसरे. दोन्हींत देवस्थानाशी नाते आहे, आणि तेवढेच मी त्यातून घेईन. खरा वाद उत्तरपदाबद्दल आहे. ऐहोळे येथील शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४ च्या प्रशस्तीत कवी रविकीर्ती सांगतो, की दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांचा पाडाव केला आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी'ला शेकडो नौकांनी वेढा घातला. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटांत १४,००० गावांचे 'पुरी-कोकण' येते. उत्तर कोकणचे शिलाहारही पुरीचे नाव लावतात. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे अनेकांनी मानले. दंडा-राजपुरीचे नाव इतरांनी पुढे केले.

मला स्वतःला घारापुरी ही राजधानी होती हे पटत नाही. शेकडो नौकांनी घेरण्याजोगे ठिकाण म्हणून बेट शोभते, हे खरे. पण हजारो गावांचा कारभार चालवणाऱ्या गावाला शेती लागते, बाजार लागतो, तटबंदी लागते, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या राहत्या घरांचे थर जमिनीत उरतात. दोन टेकड्यांच्या या बेटावर त्या प्रमाणात काही हाती आलेले नाही. बंदर आणि तीर्थ, एवढे मात्र निःशंक म्हणता येते.

तांब्याच्या नाण्यांची साक्ष

काळ ठरवण्याचे काम तीन बाजूंनी झाले आहे. शैलीची तुलना, ताम्रपटांतली धर्मनिष्ठा आणि नाणी. तिन्हींत नाणी मला सर्वांत बोलकी वाटतात.

एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही अनेक अभ्यासक हे लेणे राष्ट्रकूटकालीन, म्हणजे आठव्या शतकातले मानत. वेरूळच्या कैलासाशी दिसणारे साम्य हे त्याचे कारण. पण कैलास लेण्यापेक्षा वेरूळचेच २९ क्रमांकाचे 'धुमार लेणे' घारापुरीला कितीतरी जवळचे आहे. दोन्हींत तीन बाजूंनी वाटा, चारही दिशांना दारे असलेले सुटे गर्भगृह आणि प्रत्येक दाराशी दोन दोन प्रचंड द्वारपाल. याच कुळातले तिसरे लेणे मुंबईच्या उपनगरात, जोगेश्वरीला आहे. ते झिजले आहे, भोवती वस्तीने गच्च वेढले आहे, पण त्याचा आराखडा पाहिला की नाते लपत नाही. जोगेश्वरी आधीचे, मग घारापुरी, मग धुमार लेणे असा क्रम वॉल्टर स्पिंक यांनी लावला. अजिंठ्यावर आयुष्य घालवलेल्या या अमेरिकन विद्वानाची काही मते वादग्रस्त आहेत, पण हा क्रम मला सयुक्तिक वाटतो.

आता नाणी. सहाव्या शतकाच्या मध्यावर माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातला कृष्णराज कोकण-नाशिक भागावर राज्य करत होता. त्याची चांदीची नाणी महाराष्ट्रात दूरदूर मिळतात, आणि ती इतकी रुळली होती की त्याच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी अंजनेरीच्या ताम्रपटांत दंडाच्या रकमा 'कृष्णराज-रूपका'त सांगितल्या आहेत. पण चांदी फार प्रवास करते. एखाद्या गावात चांदीचे नाणे मिळाले म्हणून ते राजाच्या हुकमतीत होते असे सिद्ध होत नाही. तांब्याचे तसे नाही. हलक्या किमतीचे नाणे जिथे रोजचा व्यवहार होतो तिथेच फिरते आणि तिथेच हरवते. कृष्णराजाची तांब्याची नाणी घारापुरीवर सापडली. इतक्या लहान बेटावर रोजच्या व्यवहाराची नाणी लागावीत असा कोणता उद्योग चालला असेल? पाथरवटांची मजुरी, असे स्पिंक यांचे उत्तर आहे.

ताम्रपट याला दुजोरा देतात. कृष्णराजाचा मुलगा शंकरगण याच्या नाशिक जिल्ह्यातल्या अभोणे येथील ताम्रपटात, जो इ. स. ५९७ चा आहे, कृष्णराज जन्मापासून पशुपतीचा भक्त होता असे म्हटले आहे. पाशुपत पंथाचा आद्य आचार्य लकुलीश. त्याचे स्थान गुजरातेतले कारवण. घारापुरीच्या लेण्यावर पाशुपत विचाराची छाप आहे हे पुढे दिसेलच. इ. स. ६०० च्या सुमारास चालुक्य मंगलेशाने कलचुरी बुद्धराजाचा पराभव केला आणि या घराण्याचा उतार सुरू झाला. म्हणजे असे काम उभारायला स्वस्थता आणि पैसा होता तो त्याआधीची पन्नास वर्षे.

यावरून लेणे कलचुरी काळातले, इ. स. ५५० च्या आगेमागे, हे मी ठाम म्हणेन. ते खुद्द कृष्णराजाने करवले, हे संभाव्य आहे, सिद्ध नाही. एखाद्या मौर्य मांडलिकाने, बंदरातल्या सावकारांनी किंवा पाशुपतांच्या मठाने त्यात पदरमोड केली असणे अशक्य नाही. तो एक दगड आज हाती असता तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

दाराशी उभे राहून

आज आपण पायऱ्या चढून उत्तरेकडच्या दारातून आत जातो. समोर खांबांच्या रांगा, त्यांच्या माथ्यावर दाबलेल्या उशीसारखी गोल स्तंभशीर्षे, आणि थेट पलीकडे, अंधारात, दक्षिण भिंतीवरचे ते तीन चेहरे. साहजिकच पावले तिकडे वळतात. पाच मिनिटांत लेणे 'पाहून' होते.

पण या लेण्याला दोन अक्ष आहेत. एक उत्तर-दक्षिण, जो तीन चेहऱ्यांपाशी संपतो. दुसरा पूर्व-पश्चिम, जो शिवलिंगाच्या गर्भगृहाशी जातो. पूजेचा अक्ष दुसरा. पूर्वेला खुले अंगण आहे, त्यात एक गोल चौथरा आहे. नंदीची बैठक ती असावी असे मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण तिथून गर्भगृहाचे पूर्वद्वार सरळ रेषेत दिसते. भाविकाची मूळ वाट पूर्वेकडून होती, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. आज त्या वाटेने वर येता येत नाही, पण उत्तरेकडून आत शिरून थेट पूर्वेच्या अंगणात जाता येते, आणि तिथून उलटे फिरून सुरुवात करता येते. मी दोन्ही प्रकारे पाहिले आहे. दुसऱ्या प्रकारात ते वेगळेच लेणे होते.

शिल्पपटांची जागा आता नीट लक्षात घ्या. मोठे पट नऊ. त्यांतले आठ जोडीने येतात. उत्तर दाराच्या दोन अंगांना योगीश्वर आणि नटराज. पूर्वेकडच्या वाटेच्या उत्तर अंगाला कैलास हलवणारा रावण, दक्षिण अंगाला कैलासावर सारीपाटाशी बसलेले शिव-पार्वती. पश्चिमेकडच्या वाटेच्या उत्तर अंगाला अंधकासुराचा वध, दक्षिण अंगाला शिव-पार्वतीचे लग्न. आणि दक्षिण भिंतीवर मधल्या तीन चेहऱ्यांच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर.

ही यादी पाठ करून उपयोग नाही; ती जमिनीवर मांडून पाहा. लेण्याचा उत्तर अर्ध आणि दक्षिण अर्ध वेगवेगळे बोलतात. उत्तरेला रावण, योगी, नर्तक, असुरमर्दन. इथे शिव आपल्या सामर्थ्यात आहे. पार्वती असली तर साक्षीला आहे. दक्षिणेला सगळे पट तिच्याशी असलेल्या नात्याचे आहेत. पूर्वेच्या कोपऱ्यात सारीपाटावरून रुसलेली पार्वती, मग दोघांचा एकच देह झालेला अर्धनारीश्वर, मध्ये तीन चेहरे, मग जटेत गंगा उतरताना शेजारी उभी असलेली पार्वती, आणि पश्चिम कोपऱ्यात लग्न. दाराशी पाहुण्याला देवाचे सामर्थ्य दिसते, खोल आत गेल्यावर त्याचा संसार दिसतो. हे योगायोगाने झाले असे म्हणायला माझे मन घेत नाही. आधी कातळ फोडला आणि मग मोकळ्या जागी देव कोरले, असा हा प्रकार नाही. पहिला घाव घालण्याआधी कोणाच्या तरी मनात सबंध लेणे तयार होते.

एकेका जोडीजवळ थांबण्यासारखे पुष्कळ आहे. योगीश्वर पद्मासनात निश्चल, समोर नटराज गिरकीच्या ऐन मध्यावर. नटराजाचे पाय आणि हात तुटले आहेत, तरी कमरेच्या वळणात लय शिल्लक आहे. अंधकाच्या पटात शिवाचे सुळे बाहेर आले आहेत, हातात वाडगा आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला तर त्यातून नवा असुर उठेल, म्हणून तो झेलायचा. क्रोधाच्या कळसावरही देव सावध आहे, हे त्या वाडग्यातून शिल्पकाराने सांगितले.

आणि लग्नाचा पट. वधू शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. मराठी लग्न पाहिलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. विधी पुरा होईपर्यंत ती उजवीकडे, मग ती वामांगी होते. म्हणजे शिल्पकाराने लग्न झाल्यानंतरचे जोडपे दाखवलेले नाही, पाणिग्रहणाचा क्षण धरला आहे. पार्वतीची मान किंचित झुकलेली आहे. दीड हजार वर्षे, खाऱ्या हवेत, त्या मानेतला संकोच टिकून आहे. या पटापुढे गर्दी नसते. लोक तीन चेहऱ्यांपुढे छायाचित्रे काढत असतात.

त्रिमूर्ती हे नाव चुकीचे आहे

ते तीन चेहरे. उंची सुमारे १८ ते २० फूट, आणि हे सगळे फक्त छातीपर्यंतचे. पाठ्यपुस्तकांत, फलकांवर, वाटाड्यांच्या तोंडी याला 'त्रिमूर्ती' म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी फोड करतात. युरोपियन पाहुण्यांना आपल्या धर्मातल्या त्रैक्याची आठवण झाली म्हणून त्यांनी ते नाव उचलून धरले. आपल्याला ते सहज पटले त्याचे कारण वेगळे आहे. तीन शिरे दिसली की मराठी मनाला दत्त आठवतो. पण त्रिमुखी दत्ताची मूर्ती घराघरांत पोचली ती या लेण्यानंतर कित्येक शतकांनी. नंतरच्या देवाचा अर्थ आधीच्या मूर्तीवर लादता येणार नाही.

टी. ए. गोपीनाथ राव यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मूर्तिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, ही महेशमूर्ती असल्याचे मांडले. तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. मधला तत्पुरुष, शांत. पाहणाऱ्याच्या डावीकडचा अघोर. मिशा, आठ्या पडलेल्या भुवया, हातात सर्प. उजवीकडचा वामदेव, कोवळा, स्त्रीसारखा, हातात कमळ. चौथा सद्योजात मागे, कातळाच्या पोटात. पाचवा ईशान वर, तो दाखवायचा नसतोच. घरी रुद्राभिषेक होताना ज्यांनी पंचवक्त्र शिवाचे ध्यान ऐकले आहे, त्यांना ही पाच नावे अनोळखी वाटू नयेत.

इथेच पाशुपतांचा धागा सापडतो. 'पाशुपतसूत्रा'चे अध्याय पाच, आणि प्रत्येक अध्याय या पाच नावांच्या मंत्रांपैकी एकेकावर संपतो. सद्योजातापासून ईशानापर्यंत साधकाने चढत जायचे असा तो क्रम. ज्या पंथाची सगळी साधना पाच नावांवर रचलेली आहे, त्या पंथाचा राजाश्रय असलेल्या काळात लेण्याच्या मुख्य भिंतीवर याच पाचांतले तीन चेहरे येतात. शिलालेखाच्या अभावी मिळू शकणारा याहून नेमका पुरावा मला दिसत नाही.

मूर्ती खोल कोनाड्यात आहे. दार उत्तरेचे असल्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ तिच्यावर थेट ऊन पडत नाही. जमिनीवरून परतलेला उजेड खालून वर चढतो. सकाळच्या पहिल्या लाँचने आलात तर दहाच्या आसपास अघोराची भुवई आधी उजळते आणि कोवळ्या चेहऱ्यावर सावली राहते. पुढच्या तासाभरात हे बदलत जाते. तेवढा वेळ तिथे बसायला हवे. 'त्रिमूर्ती' म्हणून निघून जाणारा माणूस तीन देव मोजतो आणि एका देवाचे बदलते मन पाहायचे राहून जाते. शाळेच्या पुस्तकांतून आणि बेटावरच्या फलकांवरून हे नाव काढावे आणि पाच मुखांच्या शिवाचे 'सदाशिव' हे नाव लिहावे, असे मला मनापासून वाटते.

मोडतोड

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि बेट त्यांच्याकडे गेले. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्याचा वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, या लेण्याबद्दल लिहितो. हे चिनी लोकांनी केले, असे काहींचे म्हणणे त्याने नोंदवले आहे. कोउतुने बाणासुराची दंतकथा टिपली. आतल्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता हेही कोउतुच सांगतो. म्हणजे आज दिसणारा काळा कातळ मुळात असा उघडा नव्हता. रंग आणि गिलाव्याशिवायचे हे रूप आपल्या डोळ्यांना भव्य वाटते, पण मूळच्या भाविकाने ते असे कधी पाहिलेले नाही.

पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्या, ही परंपरागत समजूत जुन्या लिखाणातही आढळते आणि तिला आधार आहे. पण सगळी तुटफूट त्यांच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. बहुतेक पटांचे खालचे भाग गेलेत, वरचे शाबूत आहेत. पावसाळ्यात साचणारे पाणी, खारट हवा आणि शतकानुशतकांची बेपर्वाई हा नेमबाजाइतकाच मोठा शत्रू आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वराचे लेणे पोर्तुगिजांनी प्रार्थनागृह केले. त्या मानाने घारापुरीचे मुख्य लेणे वाचले असेच म्हणावे लागेल. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर हे बेटही मराठ्यांच्या हातून कायमचे इंग्रजांकडे गेले. १८७५ साली इंग्रज युवराजासाठी या लेण्यात मेजवानीची टेबले मांडली गेली. सदाशिवासमोर काटे-चमचे वाजले, ही गोष्ट वाचताना आजही मला कसेसेच होते. अभ्यासही इंग्रजांच्याच काळात सुरू झाला हे तितकेच खरे. विल्यम अर्स्किनचा निबंध आणि १८७१ चे जेम्स बर्जेसचे पुस्तक अजूनही उघडावे लागते. काही खांब नंतर पुन्हा उभारलेले आहेत. ते जुन्या खांबांशेजारी ओळखू येतात.

बाकीची लेणी अपुरी किंवा ढासळलेली आहेत. वेळ कमी असेल तर ती सोडावीत, आणि पश्चिमेच्या टेकडीवरच्या तोफांपर्यंत चढून जावे. वरून न्हावा-शेव्याचे बंदर दिसते. १९८९ पासून तिथे कंटेनर उतरतात. ज्या पाण्यातून मद्यकुंभ आले त्याच पाण्यातून ते येतात.

गावांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, पण तिथे आगरी-कोळी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहतात. महाशिवरात्रीला उरण-पनवेलकडून भाविक होड्यांनी येतात, तेव्हा लेणे पुन्हा क्षणभर देवस्थान होते. समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना या गावांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर काढावे लागत. जागतिक वारसा ठरलेल्या ठिकाणी माणसांच्या वाट्याला ३१ वर्षे अंधार आला, याची लाज वाटायला हवी.

बेटाबाहेरची घारापुरी

या बेटाचा एक भाग बेटावर नाहीच. ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी यांच्या मूर्ती छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत. त्याच संग्रहालयात परळच्या शिवाची प्रतिकृती आहे. एका देहातून वर आणि दोन्ही बाजूंना देह उमलत जाणारी ही सहाव्या शतकातली शिळा १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना निघाली आणि मूळ मूर्ती परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे. घारापुरीचा सदाशिव पाहिल्यावर तिच्यापुढे उभे राहा. तेच कुळ, तोच काळ, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि हत्ती. राजबंदराच्या बाजूला किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८१४ च्या सप्टेंबरात त्याची मान आणि डोके निखळले, पुढे धडही कोसळले. १८६४ मध्ये तो हलवण्याचा खटाटोप झाला, त्यात तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ साली जोडून पुन्हा उभे केले गेले. त्यामुळे ज्याच्यावरून बेटाचे नाव पडले त्याला शोधत बेटावर फिरू नका.

लेणे सोमवारी बंद असते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी पहिली लाँच धरा, आधी पूर्वेच्या अंगणात जा, आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी जमले नाही तर दुसऱ्या दिवशी भायखळ्याला जा. राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, उघड्यावर, तो हत्ती उभा आहे. सांधे दिसतात.